अकरा नोव्हेंबरचं पान

"मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५. भाद्रपद वद्य दशमी. ह्यांचा पक्ष. सकाळी पाऊस, दहानंतर ऊन. पुष्कर काल संध्याकाळी पुण्याहून आला. गुरुजी साडेदहाला आले, साडेबाराला आटोपले. वडे बरे झाले, खीर थोडी पातळ. माळ्यावरून तामण आणि पळी-पंचपात्र काढताना पुष्करला व्हिडिओ गेमचा तो डबा सापडला. फार हरखला. डबा त्याला देऊन टाकला. दुपारी दोघांनी बसून जुन्या गोष्टी काढल्या. गुडघा आज दुखला नाही."

अरुंधतीबाई मोहरील अशी नोंद रोज संध्याकाळी, देवापाशी दिवा लावून झाला की लिहीत. गेली बासष्ट वर्षं लिहीत आल्या होत्या. लग्नाच्या दिवशीही चार ओळी लिहिल्या होत्या, आणि विश्वनाथराव गेले त्या दिवशीही दोन. प्रतापनगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, झोपायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाचा खालचा अख्खा कप्पा डायऱ्यांचा होता.

या सवयीचं मूळ सदर भागातल्या कॉन्व्हेंटात होतं. सातवीत सिस्टरांनी वर्गातल्या सगळ्या मुलींना इंग्रजीत डायरी लिहायला लावली होती. दर शुक्रवारी वह्या गोळा होत आणि सोमवारी लाल शाईच्या खुणा घेऊन परत येत. एकदा एका मुलीने वडिलांविषयी मनातलं काहीतरी लिहिलं. सिस्टरांनी व्याकरण सुधारलं आणि वडिलांना शाळेत बोलावून घेतलं. त्या दिवसापासून बारा वर्षांच्या अरुंधतीने दोन वह्या ठेवल्या. इंग्रजीतल्या वहीत हवा, प्रार्थना आणि भरतकाम. मराठीतल्या वहीत बाकी सगळं. सिस्टर आयर्लंडच्या होत्या, त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. शाळा संपली तशी इंग्रजी वही संपली. मराठी वही राहिली, आणि ती कोणी वाचायची नाही हा नेमही राहिला.

विश्वनाथरावांनी तो नेम बेचाळीस वर्षं पाळला. बायको लिहायला बसली की ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसत, मग ते सकाळीच वाचून झालेलं का असेना. कोराडीच्या वीज केंद्रात ते बॉयलरच्या विभागात इंजिनिअर होते. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये यांची पंचवीस वर्षं गेली. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर दुपारपर्यंत राखेची बारीक भुकटी बसायची, आणि कोणत्या दिवशी किती बसली तेही बाईंच्या डायरीत असायचं.

त्यांची आणखी एक पद्धत होती. घरात जपून ठेवायची जी वस्तू येई, तिच्यात त्या एक चिठ्ठी ठेवत. चिठ्ठीवर तारीख, आणि खाली एकच शब्द: पहा. म्हणजे त्या तारखेची डायरी उघडली की वस्तू कुठून आली, कोणी दिली, काय निमित्त होतं ते सगळं मिळायचं. कॉलनीतल्या बायका चेष्टा करत, "मोहरील वहिनींकडे विरजण मागायला गेलं तर त्याची जन्मतारीखही मिळते." बाई हसून विरजण देत.

व्हिडिओ गेमच्या डब्यालाही दोऱ्याने अशी चिठ्ठी बांधलेली होती. ११-११-२०००, पहा.

त्या वर्षी विश्वनाथराव तीन आठवडे जपानला ट्रेनिंगला गेले होते. बरोबर त्यांच्याच विभागातले रुपराव ठवकर. निघताना त्यांनी तेरा वर्षांच्या पुष्करला विचारलं होतं, काय आणू. पुष्कर म्हणाला, व्हिडिओ गेम. घरी टीव्हीला जोडायचं एक साधं मशीन होतं, बुलडीच्या बाजारातून घेतलेलं. त्यात कॅसेट घालून तो खेळायचा. वडिलांना वाटलं, कॅसेट ती कॅसेट. गाण्यांची कॅसेट नाही का कुठल्याही टेपवर वाजत. त्यांनी एका मोठ्या दुकानातून एक गेम आणला. डब्यावर चित्र होतं: एक अरुंद गल्ली, भिंतीवर रंगाने काढलेला गोलपोस्ट, आणि अर्ध्या चड्डीतली चार पोरं फुटबॉल खेळतायत. विश्वनाथराव स्वतः लहानपणी महाल भागातल्या बोळात कापडाच्या चेंडूने असंच खेळले होते. म्हणून त्यांनी नेमका तोच उचलला.

ते परतले त्या शनिवारी संध्याकाळी घरात सात-आठ माणसं जमली होती. पुष्करने डबा हातात घेतला, उलटा केला, बाजूचं चित्र पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबा, याला वेगळं मशीन लागतं. हा आपल्याकडे चालतच नाही. तुम्हाला एवढंही कळत नाही का?"

विश्वनाथराव हसले. "मग फोडू नको," म्हणाले. "कोणी पुन्हा जपानला गेलं की बदलून मागवू." वरचा चकचकीत प्लास्टिकचा कागद तसाच राहिला. पुन्हा कोणी गेलं नाही.

पाहुणे उठल्यावर ते हातपाय धुवायला न्हाणीघरात गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू राहिला, आणि बाई टॉवेल द्यायला दारापाशी गेल्या तेव्हा पाण्याच्या आवाजाखाली दुसरा आवाज त्यांना ऐकू आला. त्या टॉवेल हातात घेऊन तशाच मागे फिरल्या. बाहेर आल्यावर विश्वनाथरावांनी विचारलं, "डोळे लाल दिसतात का? प्रवासाचं जागरण." त्या म्हणाल्या, "हो, जागरणच." त्या दिवशीच्या नोंदीच्या शेवटी त्यांनी दोन ओळी लिहिल्या: "हे न्हाणीघरात नळ सोडून रडले. मला कळलं हे त्यांना कळू द्यायचं नाही."

आणि त्यांनी ते कधीच कळू दिलं नाही. सोळा वर्षांनी विश्वनाथराव गेले, तेव्हा त्या दोन ओळींचं कोणालाच काही ठाऊक नव्हतं.

पक्षाच्या दिवशी दुपारी पुष्करने तो डबा पंच्याने पुसला आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. आता तो अडतीस वर्षांचा होता, पुण्याला एका कंपनीत होता, केस पांढरे व्हायला लागले होते.

"आई, हा कोणी फोडलाच नाही?"

"बाबांनी कुठे फोडू दिला."

तो अर्धा तास फोनमध्ये डोकं घालून बसला. मग म्हणाला, "असा सीलबंद डबा लोक जगभर शोधतायत, आई. हे मशीन बंद पडून वीस वर्षं झाली. हा गेम फार थोडा निघाला होता."

"शोधतायत कशाला? खेळायला?"

"खेळायला नाही. ठेवायला."

"ठेवायला तर आपल्याकडेही होता."

पुष्कर हसला. बऱ्याच वर्षांनी तो त्या घरात मोकळा हसला. त्याने समजावलं की फोडलेल्या डब्याचे चार-पाच हजार, आणि न फोडलेल्याचे लाखाच्या वर.

"त्या प्लास्टिकच्या कागदाचे लाख रुपये?"

"कागदाचे नाही. कोणी तो फाडला नाही, याचे."

"बरं आहे," बाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांना सांगायला हवं होतं." डबा त्याच्याच नावाने आला होता, त्यांनी तो त्याला देऊन टाकला. त्यात त्यांना विचार करण्यासारखं काही वाटलं नाही.

मग पुष्करने पावती विचारली. अलीकडे लोक नवा कागद चढवून जुना म्हणून विकतात, घेणारा पुरावा मागतो. पावती नव्हती. पण चिठ्ठी होती, आणि चिठ्ठी होती म्हणजे डायरी होती. बाईंना त्या क्षणी थोडा अभिमान वाटला, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोन मिनिटांत त्यांनी कपाटातून २००० सालची डायरी काढून आणली, नेमकं पान उघडलं आणि वरच्या चार ओळी वाचून दाखवल्या: हे दुपारच्या गाडीने पोचले, सामान किती, पुष्करसाठी फुटबॉलचा व्हिडिओ गेम, रुपरावजींनी छत्री आणली.

तेवढ्यात बेल वाजली. गुरुजी चष्मा विसरले होते. चष्मा सापडला, पण गुरुजींना आपल्या जावयाच्या बदलीची हकीकत सांगायची होती. बाई दारात दहा मिनिटं उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा डायरी मिटून टेबलावर ठेवलेली होती आणि पुष्कर खिडकीबाहेर पाहत होता.

"ठेवून दे आई आत," तो म्हणाला. त्याने मान वळवली नाही.

वडिलांची आठवण आली असेल, असं त्यांना वाटलं. पक्षाचा दिवस होता. त्यांनी काही विचारलं नाही. डायरी कपाटात ठेवली, किल्ली नेहमीच्या जागी, चमच्यांच्या खणात टाकली, आणि त्याच्यासाठी कॉफी केली.

पुष्कर शुक्रवारपर्यंत राहिला. एरवी तो आला की दुसऱ्या दिवशी परतीच्या गोष्टी बोलायचा. यावेळी त्याने आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, स्वयंपाकघरातला दिवा बदलला, रोज तिच्यासमोर बसून जेवला. जाताना वाकून नमस्कार केला तेव्हा डोक्यावर ठेवलेला हात बाईंनी जरा जास्त वेळ तसाच ठेवला.

पुढच्या गुरुवारी, नवरात्र बसून तीन दिवस झाले होते, रुपराव ठवकर आले. वय एकोणऐंशी, पायात पट्ट्याच्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. ते वर्षाकाठी दोनदा येत आणि येताना काटोलच्या आपल्या भावाच्या मळ्यातलं काहीतरी आणत. आज वांगी होती.

"काय वहिनी, तुमी तर फेमस होऊन गेल्या," ते खुर्चीत टेकता टेकता म्हणाले. "आता आमाले वळखता का नाही?"

"कशाने फेमस झाले मी? वांग्यांनी?"

"घ्या. जसं काही माहीतच नाही." त्यांनी फोन काढला, लांब धरला, जवळ धरला, बोटाने वर सरकवला. "कोराडीच्या रिटायर लोकांचा ग्रुप आहे ना आपला. सकाळपासून सारे हेच वाचून राहिले. माह्या जावयानं वाचून दाखवलं मले. पुष्करनं इंटरनेटवर लिहिलं इंग्रजीत, डबा इकाले काढला तिथं. लय मोठं लिहिलं. आमच्या जपानचं बी आहे."

"जपानचं काय?"

रुपराव खुलले. "अवं वहिनी, दुकानात काय तमाशा झाला होता. इसवनाथले गेम पाहिजे फुटबॉलचा, आन भाषा येते कोणाले. मंग त्यानं दुकानातच पाय मारून दाखवला, असा. तो जपानी वाकला. मंग आमी वाकलो. मंग तो पुन्हा वाकला. मी म्हटलं, इसवनाथ, तू थांब गा आता, नाहीतर इथंच कंबर जाते आपली." ते स्वतःच हसले. मग म्हणाले, "आन तुमचा तो चिवडा. मेसमधी जेवाले जातच नव्हता तो रोज रात्री. खोलीत बसून चिवडा खाय. काहून गा, म्हटलं, तर म्हणे पोराले गेम घ्याचा आहे."

बाईंच्या त्यावेळच्या डायरीत चिवड्याचा डबा रिकामा आल्याची नोंद होती. विश्वनाथरावांनी सांगितलं होतं, सगळ्यांना वाटला.

"म्हणून त मले वाईट वाटलं," रुपराव आवाज खाली आणून म्हणाले. "एवढं करून आणला, आन मंग बिचारा बाथरूममधी नळ सोडून रडला. तीस वर्षं एका जागी काम केलं आमी, वहिनी. मले एका शब्दानं नाही सांगतलं त्यानं."

रुपरावांनी फोन अरुंधतीबाईंपुढे धरला. पडद्यावर बाईंचं अक्षर होतं. उभं, सरळ, एका मापाचं. वरच्या चार ओळी आणि खालच्या दोन ओळी. खालच्या दोन ओळींभोवती कोणीतरी लाल रेघ ओढली होती, आणि शेजारी त्यांचं इंग्रजी भाषांतर होतं. ते चांगलं होतं, एकही चूक नव्हती. त्याखाली माणसांनी लिहिलेलं काय काय होतं. कोणी रडक्या चेहऱ्याची चित्रं टाकली होती. कोणी म्हणत होतं, किती सुंदर हस्ताक्षर. कोणी विचारत होतं, डब्याचा कोपरा जरा दबलाय का.

"आन ते वहीचं पान बी डब्यासंगच देऊन राहिला म्हणे तो," रुपराव म्हणाले. "अस्सल. तुमी बी कमालच केली वहिनी, देऊन टाकलं."

"रुपरावजी, बसा. मी आले."

त्यांनी चमच्यांच्या खणातून किल्ली घेतली. २००० सालची डायरी आपल्या जागी होती, नव्याण्णव आणि दोन हजार एकच्या मध्ये. दहा नोव्हेंबर होता. त्यानंतर तेरा नोव्हेंबर होता. मध्ये, शिवणीला लागून, कागदाची एक बारीक पट्टी उरली होती. कापताना कुठे हात हललेला नव्हता. मोजपट्टी धरून नवीन पात्याने कापलं होतं. पाठीमागची बारा तारीखही त्याबरोबर गेली होती. बारा तारखेला काय झालं होतं, ते आता कोणालाच सांगता आलं नसतं.

बाहेर येऊन त्यांनी रुपरावांना चहा दिला, वांगी ठेवून घेतली, भावाची चौकशी केली. रुपराव दारापर्यंत गेले आणि वळले. "वहिनी, माह्या बोलण्यात काही चुकलं का?"

"नाही. तुमचं काही चुकलं नाही."

मग त्यांनी पुष्करला फोन लावला.

"आई, मीटिंगमध्ये आहे. महत्त्वाचं आहे का?"

"हो."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला.

"बोल."

"अकरा नोव्हेंबरचं पान कुठे आहे?"

"मी तुला सांगणारच होतो. दिवाळीला येऊन. तुझ्याकडे एसी बसवून देणार होतो त्यातून, म्हटलं तेव्हाच सांगू."

"पान कुठे आहे?"

"डब्याबरोबर गेलं. घेणारा जर्मनीचा आहे. तो ते फ्रेम करून लावणार आहे, आई. फार चांगला माणूस आहे. त्याचे पण वडील..."

"परत मागव."

"असं नाही होत. पार्सल विमानात चढलंसुद्धा."

"डबा त्याला राहू दे. पान तेवढं मागव."

"अगं, पानामुळेच तर झालं सगळं. नुसत्या डब्याला कोणी सव्वा लाखाच्या वर जात नव्हतं. पानासकट सव्वादोन आले."

"म्हणजे ह्यांच्या रडण्याचे लाख रुपये."

"तू असं बोलू नकोस ना."

"मग कसं बोलू?"

बाईंचा आवाज चढला नव्हता. त्यांचा आवाज कधी चढत नसे.

"मी दारात गुरुजींशी बोलत होते, तेव्हा वाचलंस?"

"हो."

"नंतर मी तुला कॉफी केली."

"हो, आई."

"मग तीन दिवस इथे होतास. माझ्यासमोर जेवलास. मला डॉक्टरकडे नेलंस. एक शब्द बोलला नाहीस."

"काय बोलणार होतो? लाज वाटली मला. मी तेरा वर्षांचा होतो, मला काय माहीत होतं बाबांचं. तिथे लिहिलंय मी सगळं. ते लिहिताना रडलोय मी, आई. तू वाच ना ते एकदा. चार हजार लोकांनी वाचलं."

"त्या चार हजारांसमोर लाज वाटली नाही?"

"त्यांना आपण ओळखत नाही ना," पुष्कर म्हणाला.

तो हे मनापासून म्हणाला, हे बाईंना कळलं. तो आणखी बोलत राहिला. पानाचा चांगला फोटो आहे, अगदी खऱ्यासारखा रंगीत छापून पाठवतो, तू तो त्या जागी चिकटव, काही फरक कळणार नाही. बाबांना लोक किती चांगलं म्हणतायत, हेही सांगितलं. हवं तर ते लिहिलेलं आजच काढून टाकतो, म्हणाला.

"रुपरावजी येऊन गेले," बाई म्हणाल्या. "ह्यांनी त्यांच्याबरोबर तीस वर्षं काम केलं. कोराडीचे सगळे वाचून बसलेत. आता तू काय काढून टाकणार."

एरवी फोन ठेवताना त्या म्हणत, वेळेवर जेव. आज त्यांनी ते न म्हणताच फोन ठेवला.

दुपारी त्या एक कोरा कागद घेऊन बसल्या. ते पान आठवून पुन्हा लिहून काढावं, असं त्यांच्या मनात होतं. पण इतकी वर्षं सगळं लिहून ठेवल्यामुळे त्यांनी काहीच पाठ ठेवलं नव्हतं. त्या दिवशी हवा कशी होती, जेवायला काय केलं होतं, सात माणसं होती की आठ, काही आठवेना. आठवत होता तो फक्त नळाचा आवाज. कागद कोरा होता तसा परत ठेवला.

हे रडले हे त्यांनी लिहिलं नसतं, तर ते कोणाच्याच हाती लागलं नसतं. विश्वनाथरावांनी नळ सोडला होता, वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं, त्यांच्याकडून काही बाहेर गेलं नव्हतं. जे बाहेर गेलं ते अरुंधतीबाईंच्या अक्षरात गेलं. हा विचार त्यांनी दुपारभर बाजूला सारला आणि तो दुपारभर परत येत राहिला.

दिवा लावून झाल्यावर त्यांनी या वर्षीची डायरी उघडली. पेनात शाई भरली. वार आणि तारीख घातली. रुपराव आले होते, वांगी होती, चिवड्याचं खरं आज कळलं होतं, कपाटातली पट्टी होती, पुष्करचं शेवटचं वाक्य होतं. एरवी हे सगळं पानाच्या खालपर्यंत गेलं असतं आणि समासातही चढलं असतं. त्या पेन धरून बराच वेळ बसल्या. शाई निबावर वाळली, ती त्यांनी टिपकागदाला पुसली, आणि एक ओळ लिहून डायरी मिटली.

"गुरुवार, २५ सप्टेंबर २०२५. आज नवा सिलिंडर लावला. जुना एकेचाळीस दिवस पुरला."